उतारावरचा कठडा

मुलांनो, आज तुम्ही पायऱ्यांवरून कितीदा वर-खाली केलंत? शाळेच्या, घराच्या, देवळाच्या, नाहीतर एस.टी. स्टँडच्या? कठड्यावरून हात सरकवत धावलातही असाल. बाईंनी पाहिलं नाही असं समजू नका हं! आता जरा डोळे मिटा आणि तो कठडा आठवा. वरचा दांडा पायऱ्यांबरोबर तिरका आहे, हे तर सगळेच सांगतील. पण त्याच्या खालचे गज कसे आहेत? तेही तिरके, की सरळ उभे?

पटकन सांगता येत नाही ना? मलाही आलं नसतं. डी.एड. होऊन बारा वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते आहे. फळ्यावर हजारभर चौकोन काढले असतील. तरी या साध्या प्रश्नाचा मी कधी विचार केला नव्हता. आणि तो न केल्यामुळे काय झालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट माझ्याच चुकीची आहे. तुमच्या चुका मी रोज तांबड्या शाईने दाखवते, मग माझी एक तुम्ही वाचायला काय हरकत आहे?

आमची शाळा मालवण तालुक्यातल्या एका वाडीत आहे. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे माडांची रांग आणि त्यामागे समुद्र. शाळा मात्र वर, सड्याच्या कडेला. रस्त्यावरून शाळेत यायला जांभ्या चिऱ्यांच्या बारा पायऱ्या आहेत. एका अंगाला गडगा आहे, दुसरं अंग उघडं. तिथून कोणी पडलं तर सरळ खाली दगडांत.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. तिचा एक पाय अधू. ती मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढायची. मैत्रीण गैरहजर असली की ही खालीच थांबायची, कोणीतरी येईपर्यंत. एकदा मी तिला हात दिला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझी मी कधी चढतलंय?"

मला काही बोलता आलं नाही. पण त्याच आठवड्यात आम्ही पालकांची सभा घेतली आणि कठडा बसवायचं ठरवलं. लोकवर्गणी जमली. कोणी पैसे दिले, कोणी एक दिवस राबायचं कबूल केलं. मासे विकणाऱ्या एका आईने कनवटीच्या ओल्या नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. तो ओलावा मला अजून आठवतो.

माप घ्यायचं काम मी माझ्याकडे घेतलं. गणित शिकवते ना मी! दोन मुलांना टेप धरायला लावला. पायऱ्यांच्या कडांवरून तो तिरका ताणला. माप आलं ४०२ सेंटिमीटर. त्याचे तीन सारखे भाग केले, प्रत्येकी १३४. मग घरी बसून, पट्टीने छान आयत काढला. लांबी १३४, आत ८० सेंटिमीटर उंचीचे उभे गज, दर ११ सेंटिमीटरवर एक. खाली लिहिलं, 'असे तीन करणे.' कागद वेल्डिंगवाल्या काकांना दिला.

काकांनी शेडमध्ये, सपाट जमिनीवर तीन चौकटी तयार केल्या. देखण्या, काटकोनात चोख. टेम्पोतून आल्या तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. बसवायला घेतल्या, तेव्हा काकांनी त्या पायऱ्यांच्या उतारावर एकामागे एक टेकवल्या आणि जोडल्या. आता काय झालं सांगा बरं? चौकट कलली तसे आतले गजही कलले. सगळे गज खालच्या रस्त्याकडे पाठ टाकून रेलल्यासारखे दिसू लागले. पण वरच्या पायरीशेजारचा शेवटचा खांब आधीच ओळंब्यात, सरळ उभा रोवलेला होता. उभा खांब आणि कललेली चौकट यांच्यामध्ये एक फट राहिली. खाली बोटभर, वर जाताना रुंद रुंद होत ३५ सेंटिमीटरची. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी.

"बाई, हय थोडी फट रवली. वरसून पाईप जोडतंय," काका म्हणाले. त्यांनी वरून पाईपचा तुकडा जोडला.

मला ती फट दिसली नाही असं नाही. दिसली. पण हाताला दांडा सलग लागत होता, नारळ फोडून झाला होता, पेढे वाटून झाले होते. मी मनात म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

पुढचा महिना यायच्या आतच, आठव्या दिवशी, मधल्या सुट्टीत आरडाओरडा ऐकू आला. "बाई, धावा! तेचा टकला अडाकला!"

मी धावले. पहिलीतला एक छोटा खाली पडलेली पेन्सिल बघायला त्या फटीतून वाकला होता. फट वर रुंद, म्हणून डोकं सहज आत गेलं. मग त्याचा पाय सरकला आणि मान खाली, निमुळत्या भागात उतरली. आता डोकं बाहेर येईना. तो रडतही नव्हता, नुसते डोळे मोठे झाले होते. दोन मोठी मुलं त्याला सदरा धरून मागे ओढत होती.

"ओढू नका!" मी ओरडले. माझे हात कापत होते, पण एक गोष्ट सुचली. डोकं जिथून आत गेलं तिथूनच बाहेर येईल. मी त्याच्या काखेत हात घातले आणि विहिरीतून बादली काढावी तसं त्याला सरळ वर उचललं. मान रुंद भागात आली, डोकं सुटलं. एक कान खरचटला होता, बाकी काही नाही. मिनिटभरातच तो म्हणाला, "माजी पेन्सिल?"

मुलं हसली. मला हसू आलं नाही. मी तिथेच पायरीवर बसले. मग शाळेतला सगळा सुंभ आणून ती फट आम्ही गच्च विणून काढली आणि कुणीही तिकडे फिरकायचं नाही असं बजावलं.

संध्याकाळी काका आले. त्यांनी फट पाहिली, सुंभ पाहिला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. रागाने नव्हे हं, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी कागदार काढलास तसाच केलंय मी."

खरंच होतं. कागदावर गज उभे होते, कारण कागद टेबलावर सरळ होता. पण तो कागद उतारावर तिरका ठेवला तर काय होईल, हे मी त्यावर कुठेच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. तिथे उभं राहून 'चूक माझी आहे' म्हणायला मला फार जड गेलं. वर्गणी त्यांची, मूल त्यांचं, आणि चूक माझी. सगळे गप्प होते. शेवटी त्या छोट्याची आजी म्हणाली, "बाईनू, चूक गावली मा? मगे आता नीट करा."

पण नीट म्हणजे कसं? पुन्हा पट्टी घेऊन बसायची मला भीतीच वाटू लागली होती. त्या रविवारी माझा भाचा घरी आला. तो मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, लोखंडात करण्याआधी संगणकावर बांधून बघूया की!" आणि त्याने लॅपटॉप उघडला.

संगणकावर चित्र काढणं तुम्हाला नवीन नाही. पण याची सुरुवात कधी झाली ठाऊक आहे? १९६३ साली. अमेरिकेत इव्हान सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' नावाची संगणक-प्रणाली तयार केली. प्रकाशाच्या पेनने थेट पडद्यावर रेघा काढायच्या! त्यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, एक मूळ चित्र काढून त्याच्या हव्या तेवढ्या नकला करता यायच्या, आणि मूळ चित्र बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलायच्या.

भाच्याने उघडलेली प्रणाली होती 'रेव्हिट'. इमारतींचे आराखडे करायला ती जगभर वापरतात. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका कंपनीने ती २००० साली आणली, आणि २००२ मध्ये 'ऑटोडेस्क' या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. 'रिव्हाइज', म्हणजे 'पुन्हा सुधार', यावरून तिचं नाव पडलं, असं सांगतात. चूक केलेल्या बाईंसाठी याहून चांगलं नाव कुठलं?

रेव्हिटमध्ये भिंत, दार, खिडकी, गज, प्रत्येकाचा एक साचा असतो. मोदकाचा साचा असतो ना, तसा. फक्त हा साचा जादूचा. मोदकाचा साचा बदलला तर पुढचे मोदक बदलतील. इथे साचा बदलला की आधी ताटात ठेवलेले मोदकही बदलतात! अशा साच्याला तिथे 'फॅमिली' म्हणतात. एकाच कुटुंबातली उंच-बुटकी माणसं असावीत, तसे एकाच साच्यातून लहान-मोठे भाग निघतात. कठड्याच्या गजाला तिथलं नाव आहे 'बॅलस्टर'. हा शब्द मुळात डाळिंबाच्या फुलावरून आला आहे. युरोपात जुन्या कठड्यांचे खांब मध्ये फुगीर असत, रानडाळिंबाच्या फुलासारखे, म्हणून.

भाच्याने आधी आमच्या बारा पायऱ्या पडद्यावर बांधल्या. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद. मग त्याने माझा आयत घेतला आणि उताराइतका, म्हणजे साधारण साडेसव्वीस अंशांनी, फिरवून ठेवला.

पडद्यावर तीच फट आली. वर रुंद, खाली निमुळती. अगदी तशीच. फरक एवढाच, की इथे कोणाचंही डोकं अडकलं नव्हतं.

"बघ मावशी," तो म्हणाला, "तू आयत फिरवलास. तो फिरवायचा नव्हता. सरकवायचा होता."

म्हणजे काय? तुम्ही आत्ता घरी करून पाहा. दहा-बारा सारख्या वह्या टेबलावर उभ्या, एकमेकींना चिकटवून धरा. बाजूने पाहिलं तर एक आयत दिसेल. आता सगळा गठ्ठाच एका बाजूने उचलून कलता करा. सगळ्या वह्या कलल्या. हे झालं फिरवणं, म्हणजे माझी चूक. पुन्हा गठ्ठा सरळ करा. आता दुसरी वही पहिलीपेक्षा थोडी वर सरकवा, तिसरी दुसरीपेक्षा तेवढीच वर, चौथी आणखी वर. गठ्ठ्याची वरची कड तिरकी झाली, खालचीही तिरकी झाली, पण एकेक वही? सरळ उभी! आयताचा समांतरभुज चौकोन झाला. हे झालं सरकवणं. उतारावरच्या कठड्याला हेच हवं असतं. दांडे तिरके होतात, गज उभे राहतात.

तुमच्या घराजवळच्या डोंगराकडे पाहा. जमीन तिरकी असते, पण तिच्यावरची झाडं जमिनीशी काटकोन करून वाढतात का? नाही. उतारावरचा साग, उतारावरची पोफळ आकाशाकडे सरळ जाते. (समुद्रकाठचे माड सोडा, ते मोकळ्या उजेडाकडे झुकतात!) माणूस तरी कसा उभा राहतो? पायऱ्यांवर तुम्ही सरळच उभे राहता ना? पृथ्वी सगळ्यांना सरळ खाली ओढते, जमीन सपाट असो की तिरकी. गवंड्याचा ओळंबा हेच सांगतो. रोज 'ओळंबा' शब्द शिकवणाऱ्या मला ते कागदावर आठवलं नाही, एवढंच.

मग भाचा कठड्याच्या तुकड्याचा साचा बनवायला बसला. ते काम बघायला मी चौथीच्या मुलांनाही बोलावलं. साच्यात काही मदतीच्या रेघा असतात, आपण भूमितीच्या वहीत फिकट पेन्सिलने काढतो तशा. एक रेघ माथ्याची, एक पायथ्याची. पायऱ्यांचा उतार बदलला की या दोन रेघा त्याच्याबरोबर कलतात. गजाचं वरचं टोक माथ्याच्या रेघेला बांधायचं आणि खालचं टोक पायथ्याच्या. बांधलं की पडद्यावर चक्क छोट्या कुलपाचं चित्र येतं! कुलूप लावलेला भाग रेघेबरोबर जातो. न लावलेला जागच्या जागी राहतो.

साचा झाला की लगेच खूश व्हायचं नाही. आधी त्याची परीक्षा घ्यायची. भाच्याने उतार शून्य केला, कठडा सपाट झाला. दहा अंश केला, ठीक. साडेसव्वीस केला आणि मुलं ओरडली. गजांची खालची टोकं दांड्यातून आरपार बाहेर आली होती, फणीच्या दातांसारखी. भाच्याने वरची कुलपं लावली होती आणि खालची लावायला विसरला होता! तो कान पकडून हसला. मला मात्र काकांची आठवण झाली. संगणकानेही काकांसारखंच केलं होतं. जेवढं सांगितलं तेवढंच.

आता मुलांची मागणी आली. प्रत्येक तुकड्यात एक मासा हवा! समुद्रकाठची मुलं ती, दुसरं काय मागणार? मासा काढला. त्यालाही कुलपं लावून उतार दिला, तर तो लांबुळका, तिरपागडा झाला आणि त्याचा गोल डोळा अंड्यासारखा झाला. "बाई, ह्यो मासो आजारी आसा!" एकजण म्हणाला. मग मासा न सरकवता नुसता फिरवून पाहिला, तर तो पायऱ्यांवरून खाली उडी मारतोय असं वाटलं. शेवटी माशाची कुलपं काढून टाकली. दांडे तिरके, गज उभे आणि मासा आडवा, शांत पोहणारा. तेव्हा तो सगळ्यांना पसंत पडला.

मुलांनो, मला त्या दिवशी या कामातलं मर्म कळलं. उतारावरची कुठलीही वस्तू करायची तर एकेका भागाला विचारायला हवं, तू उताराबरोबर जायचंस की सरळ राहायचंस? हे आधी ठरवून कागदावर लिहिलं, तर करणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

आता थोडं गणित. एका तुकड्याखाली चार पायऱ्या. म्हणजे आडवं अंतर १२० आणि चढ ६० सेंटिमीटर. मोठ्या वर्गातल्या ताई-दादांनी पायथागोरसचा नियम लावून पाहावा. १२० चा वर्ग १४,४००, ६० चा वर्ग ३,६००, बेरीज १८,००० आणि तिचं वर्गमूळ सुमारे १३४. म्हणजे माझं १३४ चं माप चुकलं नव्हतं! दांडे तेवढेच लांब हवे होते. चुकला होता तो आकार. आणखी एक गोष्ट. दोन उभ्या गजांमधलं अंतर आडवं मोजायचं असतं. आडवं ११ सेंटिमीटर हवं असेल, तर तिरक्या दांड्यावर खुणा दर १२.३ सेंटिमीटरवर येतात. टेप तिरका आणि फट आडवी, हे विसरलं की घोटाळा झालाच.

आणि फट केवढी असावी? इंग्लंडच्या बांधकाम नियमांत यासाठी एक मजेदार कसोटी आहे. १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा कठड्यातून आरपार जाता कामा नये. का? तर लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून. आमच्या मुलांनी चिंध्या गुंडाळून गुंडाळून तसा चेंडू केला. पण व्यास कसा मोजणार? शिंप्याच्या टेपने घेर मोजला. घेर ३१.४ सेंटिमीटर भरला की व्यास १० सेंटिमीटर! पायरी आणि खालचा दांडा यांच्यामध्ये जी त्रिकोणी जागा राहते, तिच्यासाठी अमेरिकेत ६ इंचांचा, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरचा गोळा धरतात. तोही चेंडू केला. त्यात बसावं म्हणून खालचा दांडा पायऱ्यांच्या कडांपासून ४ सेंटिमीटरवर आणला.

भाच्याने एक महत्त्वाची माहिती काढली. अपंग व्यक्तींना इमारतीत नीट वावरता यावं म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत हाताने धरायचे दांडे दोन उंचींवर सांगितले आहेत, ९० सेंटिमीटरवर आणि ७६ सेंटिमीटरवर. खालचा दांडा बुटक्यांना उपयोगी. शिवाय दांडा पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंटिमीटर हवा, म्हणजे पाय उचलण्याआधी हाताला आधार मिळतो. माझ्या पहिल्या कागदावर यातलं काहीही नव्हतं. जिच्यासाठी कठडा करायचा, तिच्या हाताची उंचीसुद्धा मी मोजली नव्हती! या वेळी तिला उभं करून मोजली. ७६ चा दांडा तिला अगदी बरोबर आला.

नवा कागद घेऊन मी काकांकडे गेले. त्यावर या वेळी ओळंब्याचं चित्र होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'गज या दिशेला उभे.' काकांनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "आता कसा समाजला!"

रविवारी, शाळेत मुलं नसताना, ग्राइंडरने जुने जोड कापले. दांडे तेवढ्याच लांबीचे हवे होते, त्यामुळे ते वाया गेले नाहीत. ८० चे गज टोकांना तिरके कापून ७७ चे झाले. नवीन लागले ते फक्त ७६ उंचीवरचे दांडे, दोन टोकांचे वाढीव तुकडे आणि तीन मासे. या वेळी आम्ही तिन्ही तुकडे एकदम केले नाहीत. आधी एक केला, जागेवर धरला, ओळंबा सोडला, चेंडू लावले. चेंडू अडला. मग बाकीचे दोन. वेल्डिंगच्या जागी पाईपवरचा जस्ताचा थर जळतो आणि आमच्या खाऱ्या हवेत तिथूनच गंज चढतो, म्हणून प्रत्येक जोडावर काकांनी आधी जस्ताचा रंग लावला, मग निळा. जादा मजुरीतले अर्धे पैसे मी दिले. उरलेले अर्धे काकांनी घेतलेच नाहीत.

चूक कागदावर सापडली तर ती खोडरबराने पुसता येते. पडद्यावर सापडली तर एका बटणाने. लोखंडात उतरली की ग्राइंडर लागतो. आणि तिथेही नाही सापडली, तर काय होतं ते तुम्ही वाचलंतच.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम वरच्या पायरीवर उभी होते. आमची चौथीतली मुलगी खाली आली. मैत्रिणीने नेहमीसारखा खांदा पुढे केला, पण हिने मान हलवली. खालचा दांडा धरला. एक पायरी, मग दुसरी. आठव्या पायरीवर ती थांबली, शेजारच्या माशाला हात लावला, श्वास घेतला आणि पुन्हा निघाली. वर पोचली तेव्हा कपाळावर घाम होता.

"बाई, चढलंय मी!" ती म्हणाली आणि वर्गाकडे निघून गेली. जणू काही विशेष झालंच नव्हतं.

मग मुलांनो, एवढं कराल ना? एका दोऱ्याला लहानसा दगड बांधा. झाला तुमचा ओळंबा. तो घेऊन तुमच्या शाळेच्या, घराच्या जिन्याशी जा आणि कठड्याचे गज खरोखर उभे आहेत का, ते पाहा. चौकटीच्या कागदावर १२ घरं रुंद आणि ८ घरं उंच आयत काढा, आत एक वर्तुळ काढा, आणि प्रत्येक उभी ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धं घर वर सरकवून पुन्हा काढा. वर्तुळाचं काय होतं ते मला सांगायची गरज नाही, आमच्या आजारी माशाचा डोळा आठवा! आणि आई-बाबांनो, तुम्ही चिंध्यांचा एक चेंडू करा, ३१.४ सेंटिमीटर घेराचा. घराच्या गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर लावून बघा. कुठे आरपार गेला तर 'पुढच्या महिन्यात बघू' असं मात्र म्हणू नका.

माझा तो पहिला कागद अजून टेबलाच्या खणात आहे. वर्गात आयत शिकवायची वेळ आली की मी तो काढते, फळ्यावर तिरका लावते आणि विचारते, "सांगा पाहू, बाईंचं काय चुकलं?" दरवर्षी निम्मा वर्ग हात वर करतो.